परकराच्या नाडीखालचा चट्टा

हे सगळं मी आईला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिही की, माझं नाव नगं टाकू, पण बायकांना कळू दे." म्हणून लिहिते.

नरक चतुर्दशीची पहाट होती. तासगावकडं आमच्या गावात अजून न्हाणीत बंब पेटतो. दरवर्षी आई आम्हा सगळ्यांना तेल लावते, त्या दिवशी तिचा खांदा दुखत होता म्हणून मी म्हणलं तू बस पाटावर, आज मी लावते. पाठीवरून हात खाली आला आणि कमरेच्या उजव्या अंगाला, जिथं परकराची नाडी बसते बरोबर तिथं, बोटाला काहीतरी खरखरीत आणि टणक लागलं. आई एकदम आखडली. "तिथं नको गं, झोंबतंय."

मी मोबाईलची बॅटरी लावून बघितलं. नाडीची काळी रेघ आपल्याकडं बहुतेक बायकांना असते, तशी आईलाही मला आठवतंय तेव्हापासून आहे, त्यात नवीन काही नव्हतं. पण त्या रेघेवर एके ठिकाणी दोन रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी जागा उघडी पडलेली. मधे ओलसर लाल, कडा उचललेल्या, आणि त्या कडा फ्लॉवरच्या गड्ड्यासारख्या बारीक दाणेदार. थोडा वास पण येत होता. आणि पाटाशेजारी काढून ठेवलेल्या कपड्यांत अप्पांच्या जुन्या धोतराची मऊ चौकोनी घडी दिसली, पिवळा डाग पडलेली. म्हणजे बाई रोज त्या जखमेवर ती घडी ठेवत होती आणि वरून नाडी तश्शीच आवळत होती, कारण सैल बांधली तर शेतात वाकताना परकर सुटतो.

"किती दिवस झालं हे?"

"झालं आसंल दोन वरीस. काय न्हाई गं, नाडीचं हाय ते, सगळ्या बायकांना आसतंय."

दोन वर्षं. आणि मी सांगलीत, विश्रामबागला, बसनं तासा-सव्वा तासाच्या अंतरावर.

त्या दोन वर्षांत तिनं काहीच केलं नाही असं नाही बरं का, उलट खूप केलं. आधी नुसती खाज होती, मग कातडी सोलायला लागली, तेव्हा जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं तर गजकर्ण म्हणून ट्यूब दिली. दाखवलं म्हणजे काय, तर साडीवरूनच हात ठेवून सांगितलं की इथं खाज येते, ना डॉक्टरांनी बघितलं ना आईनं दाखवलं. मग ती ट्यूब संपली की मेडिकलमधून तसलीच दुसरी. त्या ट्यूबा मी नंतर बघितल्या, सगळ्यांत स्टिरॉइड. स्टिरॉइडनं चार दिवस खाज थांबते, लाली कमी होते, माणसाला वाटतं बरं झालं, आणि खाली जे चाललंय ते तसंच चालू राहतं, कातडी मात्र पातळ होत जाते. मग कुणीतरी हळद-खोबरेल सांगितलं, कुणीतरी पाल्याचा लेप दिला. मधेच द्राक्षाच्या विरळणीचा सीझन, मग डिपिंग, म्हणजे घड औषधात बुडवायचं काम, मग बेदाण्याच्या शेडवर काम. द्राक्षबागेत दिवसभर हात वर करून काम करायचं असतं, घाम पाठीवरून ओघळत कमरेपाशी येऊन नाडीतच मुरतो. ओली नाडी, वरून घासणं, आणि मधे उघडी जखम. ह्या तीन गोष्टी रोज आठ-दहा तास, दोन वर्षं.

पाडवा झाला आणि दुसऱ्या दिवशी भाऊबीज उरकून मी आईला सांगलीला घेऊन आले. दादा म्हणाला एवढी काय घाई, सण तर होऊ दे सगळा. मी ऐकलं नाही.

सांगलीत आमच्या भागात एक स्किनच्या डॉक्टर आहेत, बाई आहेत म्हणूनच मी तिथं नेलं, नाहीतर आईनं साडी सोडलीच नसती. छोटाच दवाखाना आहे, बाहेर दहा-बारा खुर्च्या, आत एक टेबल आणि दिव्याचं भिंग. मॅडमनी आधी चट्टा बघितलाच नाही. आधी विचारलं, "मावशी, साडी कधीपासून नेसता? रात्री झोपताना नाडी सैल करता का? नाडी रोज एकाच जागी बांधता का?" आई म्हणाली, चौदाव्या वर्षी लगीन झालं तवापासनं, आणि रात्री बी तसंच, सैल करून कोण झोपतंय. मग मॅडमनी तिला आडवं केलं, पूर्ण कंबर उघडी करून सगळीकडनं बघितली, बोटानं कडा दाबून बघितल्या, आणि नंतर दोन्ही जांघांत बराच वेळ चाचपलं. मला तेव्हा कळलं नाही जांघेत काय बघताहेत. नंतर सांगितलं की कमरेच्या खालच्या भागातलं काही पसरलं तर बहुतेक वेळा आधी जांघेतल्या गाठींत जातं. उजवीकडं एक गाठ त्यांच्या हाताला लागली होती, वाटाण्याएवढी.

मग म्हणाल्या, "ह्याचा तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

आणि इथं सगळं अडलं. आईनं सरळ नाही म्हणून सांगितलं. फोनवर दादा पण नाही म्हणाला. का, तर लोखंड लागलं की पसरतं. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतेय, तुम्ही पण ऐकलं असेल, कुणाच्या गाठीला चाकू लावला आणि सहा महिन्यांत माणूस गेला. आमच्याच भावकीत अशी एक गोष्ट सांगतात. मॅडमनी चिडचिड केली नाही, बाहेर पेशंट ताटकळले होते तरी खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, तो माणूस तुकडा काढल्यामुळं नाही गेला. आजार आधीच लांब पोचला होता तेव्हा तो दवाखान्यात आला. तुकड्यानं पसरत असतं तर आम्ही डॉक्टर लोकांनी आमच्या घरच्यांचा तरी काढू दिला असता का?" मग आईनं विचारलं, "तुमच्या आईचा काढला आसता?" मॅडम म्हणाल्या, "आज, आत्ता काढला असता."

तुकडा म्हणजे केवढा, तर चार मिलिमीटर. पेनाच्या रिफिलपेक्षा थोडं जाड नळीसारखं गोल पातं असतं, त्याला पंच म्हणतात. जागा बधिर करायचं इंजेक्शन तेवढं दुखलं, नंतर काही नाही, दहा मिनिटांत झालं. कडेचा भाग घेतला, जिथं चट्टा आणि चांगली कातडी एकमेकांना लागतात तिथला, कारण नुसता मधला ओला भाग घेतला तर कधीकधी रिपोर्टमध्ये फक्त सूज आणि मेलेल्या पेशी येतात. तांदळाच्या दाण्याएवढा तो तुकडा फॉर्मालिनच्या छोट्या बाटलीत टाकला, पांढरट होऊन तळाला गेला, बाटलीवर आईचं नाव, वय आणि 'उजवी कंबर' असं लिहिलं. ती बाटली मीच लॅबला नेऊन दिली. रिक्षात हातात धरून बसले होते आणि सांडेल म्हणून पर्समध्ये ठेवायचं धाडस झालं नाही.

आठ दिवसांनी रिपोर्ट. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, वेल डिफरन्शिएटेड. म्हणजे कातडीच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर. 'वेल डिफरन्शिएटेड' चा अर्थ मॅडमनी असा सांगितला की ह्या पेशी बिघडल्या असल्या तरी अजून बऱ्यापैकी मूळच्या कातडीसारख्याच दिसताहेत, म्हणजे चाल जरा मंद असते. मला त्या क्षणी पहिला शब्द ऐकून पुढचं काही ऐकूच आलं नाही, दुसऱ्या दिवशी परत जाऊन सगळं नीट विचारलं. आणि हे मी सगळ्यांना सांगीन, पहिल्या दिवशी काही कळत नाही, दुसऱ्या दिवशी वही घेऊन परत जा.

त्या दुसऱ्या दिवशी मला कळलं की ह्याला डॉक्टर लोकांच्यात नावच आहे, साडी कॅन्सर. पुस्तकातली गोष्ट नाही, आपल्याच लोकांत सापडलेला आजार. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमधले डॉक्टर खानोलकर, त्यांनी १९४५ सालीच धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरवर लिहून ठेवलंय. पुढं साडी नेसणाऱ्या बायकांच्यात तोच प्रकार दिसला. आणि अगदी अलीकडं, २०२४ मध्ये, वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन बायकांची माहिती इंग्लंडच्या एका मेडिकल मासिकात छापली. एक सत्तर वर्षांच्या, दीड वर्ष कमरेला जखम, आणि दुसऱ्या साठी उलटलेल्या, चाळीस वर्षं लुगडं नेसणाऱ्या, त्यांना तर परकर नव्हताच, लुगडंच कमरेला घट्ट. त्यांच्या जांघेतल्या गाठीत पोचलं होतं. हे वाचताना मला आमच्या गावातल्या सगळ्या नऊवारी नेसणाऱ्या म्हाताऱ्या एकेक करून डोळ्यांसमोर आल्या.

होतं कसं, तर साडीचा किंवा कापडाचा दोष नाही, दोष दाबाचा आणि घासण्याचा आहे. एकाच जागी अरुंद नाडी वर्षानुवर्षं आवळली की तिथली कातडी आधी काळी पडते, मग जाड, मग खवले सुटतात, मग चीर पडते. शरीर ती चीर भरून काढतं, नाडी परत उघडते, परत भरतं, परत उघडते. असं हजारदा दुरुस्ती करता करता एखाद्या पेशीत चूक होते आणि ती थांबायचं विसरते. जुन्या न भरणाऱ्या जखमेत होणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात, मार्जोलिन हे फ्रान्समधले सर्जन, १८२८ मध्ये त्यांनी अशा व्रणांवर लिहिलं. भाजल्याच्या जुन्या डागातही हेच होतं. आमच्या मामाच्या पोटरीवर गुऱ्हाळात काहिलीतला रस उडून भाजलेलं आहे, तीस वर्षांपूर्वीचं, अजून मधूनच फुटतं, तेव्हा मी त्याच संध्याकाळी मामाला फोन लावला. (मामाचं तपासून झालं, तुकडा पण काढला, नुसती जखम निघाली. पण दर सहा महिन्यांनी दाखवायला सांगितलंय.)

आता उपचाराचं. मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं, ते मी माझ्या भाषेत सांगते.

कातडीचा कॅन्सर म्हणजे एकच आजार नाही. त्यांच्याच दवाखान्यात बाहेर खुर्चीवर एक काका बसले होते, पलूसकडचे, नाकाच्या बाजूला मोत्यासारखी चकाकणारी पुटकुळी, दाढी करताना रक्त यायचं, खपली धरायची, परत रक्त. ते बेसल सेलचं निघालं. तो प्रकार लांब पसरत नाही जवळजवळ, पण तिथल्या तिथं खात जातो, नाक-डोळ्याजवळ असेल तर वाट लावतो. त्यांचं भूल न देता, नुसती जागा बधिर करून काढलं आणि शेजारची कातडी सरकवून शिवलं, त्याच दिवशी काका घरी. अगदी वरवरचं असेल तर काही जणांना लावायचं औषध पण चालतं, फाइव्ह एफयू किंवा इमिक्विमॉडची क्रीम, किंवा लिक्विड नायट्रोजननं गोठवून जाळतात. पण ते कुणाला चालेल हे तुकड्याच्या रिपोर्टवर ठरतं, मेडिकलच्या काउंटरवर नाही. मोठ्या शहरात एक मोह्स म्हणून पद्धत आहे, थर थर कापत जायचं आणि प्रत्येक थर तिथल्या तिथं मायक्रोस्कोपखाली बघायचा, कड स्वच्छ आली की थांबायचं. नाक, पापणी, ओठ अशा जागी ज्यांचं आहे त्यांना ती उपयोगी, कारण चांगली कातडी कमीत कमी जाते.

आईच्या बाबतीत मात्र क्रीम नाही, गोठवणं नाही. जुन्या जखमेतला हा प्रकार उन्हानं होणाऱ्या साध्या स्क्वॅमसपेक्षा जास्त पसरायला बघतो, म्हणून कडेनं चांगली रुंद कातडी धरूनच काढायचा. आईचं दोन सेंटिमीटर धरायचं ठरलं, आणि खोलीत स्नायूवरच्या पडद्यापर्यंत. एवढी जागा शिवून मिटत नाही, त्यामुळं मांडीची पातळ कातडी काढून तिथं लावायची, म्हणजे ग्राफ्ट. ऑपरेशन झेपणार नसेल त्यांना शेक, म्हणजे रेडिएशन. कड स्वच्छ आली नाही किंवा गाठीत सापडलं तर ऑपरेशननंतर पण शेक. आणि जे फार पुढं गेलंय त्यांच्यासाठी आता इम्युनोथेरपीची इंजेक्शनं आहेत, आपल्याच शरीरातल्या पेशींचा ब्रेक काढून त्यांना कॅन्सरवर सोडायचं असं काहीसं, ह्याच्या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालंय, पण खर्च लाखांत जातो. मॅडम म्हणाल्या आपल्याला तिथवर जायची गरज पडू नये म्हणूनच घाई करतोय.

ऑपरेशनला मिरज. आमच्या भागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, वॉन्लेससाहेबांनी १८९४ मध्ये मिशनचा दवाखाना काढला तेव्हापासून पंचक्रोशीच काय, कर्नाटकातनं पण लोक मिरजेलाच येतात. तिथं आधी जांघेची सोनोग्राफी आणि त्या वाटाण्याएवढ्या गाठीची सुईची तपासणी झाली. त्या रिपोर्टचे तीन दिवस माझ्यासाठी पहिल्या आठ दिवसांपेक्षा जड गेले, कारण आता मला माहीत होतं की कशाचा अर्थ काय. गाठीत काही सापडलं नाही. जखमेत जंतू होते म्हणून गाठ फुगली होती, एवढंच. मी हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये वहिनीच्या गळ्यात पडून रडले.

पैशाचं पण लिहिते कारण लोक पैशाच्या भीतीनं दाखवतच नाहीत. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आईचं झालं. कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे ती आता. हॉस्पिटल योजनेतलं आहे का हे आधी विचारायचं, दारातच आरोग्यमित्राचं टेबल असतं, रेशन कार्ड, आधार आणि तुकड्याचा रिपोर्ट घेऊन जायचं. आमच्या रेशन कार्डावर आईचं नाव आणि आधारवरचं नाव ह्यात एका अक्षराचा फरक होता, त्यात दोन दिवस गेले, दादानं तहसीलच्या दोन खेपा केल्या. तेव्हा कुणाच्या घरात असा फरक असेल तर आजारी पडायच्या आधीच नीट करून घ्या. तुकड्याचा आणि दवाखान्याच्या तपासणीचा खर्च आम्ही खिशातनं केला, तो काही हजारांत भागला.

ऑपरेशन दोन तास चाललं. लावलेल्या कातडीवर कापसाचा मोठा बोळा टाक्यांनी घट्ट बांधून ठेवतात, म्हणजे ती खालच्या मांसाला चिकटून राहते, तो पाचव्या दिवशी सोडला. डॉक्टर म्हणाले गुलाबी आहे, घेतली कातडी. आईला कमरेपेक्षा मांडी जास्त दुखली, जिथनं कातडी काढली ती जागा, गुडघ्यावर खरचटल्यावर कसं आग होतं तसं पण वीतभर जागेत, दहा-बारा दिवस. हे आम्हाला कुणी आधी नीट सांगितलं नव्हतं आणि आई घाबरली की मांडीतपण आलं की काय. तुमच्या कुणाचं होणार असेल तर हे आधीच सांगून ठेवा. नंतर रिपोर्ट आला, सगळ्या कडा स्वच्छ, खालची बाजू पण स्वच्छ. शेक लागला नाही. आता पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दाखवायचं, कंबर आणि जांघा दोन्ही.

ह्या सगळ्या फेऱ्यांत मॅडमनी एकदा मलाच विचारलं, तुमचं अंग कधी तपासलंय का. माझ्या डाव्या तळपायाला एक काळा डाग आहे, कॉलेजपासून आहे बहुतेक, मी कधी लक्ष दिलं नाही. आपल्या सावळ्या कातडीला उन्हानं होणारा कॅन्सर गोऱ्या लोकांपेक्षा खूप कमी होतो हे खरं, पण मेलानोमा म्हणून जो काळ्या डागाचा वाईट प्रकार आहे तो आपल्यात होतो तेव्हा बऱ्याचदा ऊन न लागणाऱ्या जागीच होतो, तळपाय, तळहात, नखाखाली. माझ्या मुलाच्या टी-शर्टवर ज्याचं चित्र आहे तो गायक बॉब मार्ली, त्याला पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता, १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला तो. मॅडमनी माझ्या तळव्याला डर्मोस्कोप लावला, भिंग आणि लाइट असलेलं हातात मावणारं यंत्र असतं, आणि मला मोबाईलवर फोटो दाखवला. तळव्याच्या कातडीवर बारीक रेषा असतात ना, भिंगातनं त्या नांगरलेल्या रानासारख्या दिसतात. मॅडम स्वतः शेतकऱ्याच्या घरातल्या, म्हणाल्या, "उसाचं रान बघितलंय ना? सरी आणि वरंबा. काळा रंग सरीत असला तर बहुतेक साधा तीळ. वरंब्यावर चढला असला तर मी सोडत नाही, तुकडा काढते." माझा रंग सगळा सरीत होता. दर वर्षी फोटो काढून मागच्याशी ताडून बघायचं ठरलंय.

मी तेव्हापासून घरात सगळ्यांचे तळपाय बघते. नखात उभी काळी रेघ नव्यानं आली असेल आणि ती रुंदावत असेल, तीळ एका बाजूला वाकडातिकडा वाढत असेल, एकाच तिळात दोन-तीन रंग दिसत असतील, कड फिसकटलेली असेल, खाजवतोय, रक्त येतंय, तर दाखवायचंच. आणि कुठलीही जखम, कुठलाही चट्टा, महिनाभर औषध करून भरत नसेल तर ट्यूब बदलत बसायचं नाही, तुकडा तपासा म्हणून आपणच डॉक्टरला म्हणायचं. मी तर म्हणते ज्यांनी साडी बाजूला करून बघितलंच नाही त्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्यायचीच नाही. राग अजून गेला नाही माझा. एकदा, फक्त एकदा कुणी त्या पहिल्या सहा महिन्यांत नीट बघितलं असतं तर आईची वीतभर कातडी वाचली असती.

नाडीचं पण मॅडमनी बजावून सांगितलं. अरुंद सुताची नाडी नको, दोन-तीन बोटं रुंद पट्टा शिवून घ्यायचा म्हणजे दाब पसरतो. रोज जागा बदलायची, एक दिवस थोडी वर, एक दिवस खाली. बेंबीच्या आजूबाजूला बोट सहज शिरेल एवढी सैल. घामाची नाडी दुपारी बदलायची, अंघोळीनंतर कंबर कोरडी करूनच बांधायची, आणि रात्री गाऊन. काळी रेघ नुसती काळी आणि गुळगुळीत असेल तर घाबरायचं काही नाही, सैल केलं की हळूहळू कमी पण होते. खवले, चीर, ओल, गाठ, ह्यातलं काही दिसलं की मग थांबायचं नाही.

गाऊनवरून आईनं महिनाभर भांडण केलं. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी गाऊन घालून अंगणात कशी जाऊ म्हणून. शेवटी वहिनीनं स्वतः घालायला सुरुवात केली, दोघी मिळून घालू म्हणाली, तेव्हा कुठं ऐकलं. आता घरात गाऊन आणि बाहेर जाताना साडी, आतला परकर तीन बोटं पट्ट्याचा, गावातल्या शिंपिणीकडनं शिवून घेतलेला. ती शिंपीण म्हणते तुमच्या आईचं बघून आणखी चार-पाच जणींनी तसलेच शिवायला टाकलेत.

गेल्या महिन्यात तासगावात भावकीतलं लग्न होतं. हळदीच्या दिवशी आई बराच वेळ दिसेना म्हणून मी शोधत आतल्या खोलीत गेले तर दाराला कडी. आतून आईचा आवाज, "लाजतीस काय, माझी बघ की वीतभर कापून काढल्या. सोड नाडी." मी हाक मारली तेव्हा कडी निघाली. आत आमची थोरली चुलती, पदर खांद्यावर गोळा करून उभी, आणि आई डोळ्यांवर चष्मा चढवून, एका हातात माझ्या वहिनीचा मोबाईल बॅटरी लावून धरलेला, तिच्या कमरेकडं वाकून बघत होती. काळी रेघ होती, आणि एका ठिकाणी जरा खवले. जखम नव्हती.

"मंगळवारी माझी तपासणी हाय," आई म्हणाली, "तू बी चल. सकाळच्या साडेआठच्या यष्टीनं."

चुलती म्हणाली, मंगळवारी विरळणीला बायका यायच्यात.

"येऊ द्यात," आई म्हणाली आणि तिची नाडी स्वतःच्या हातानं बांधून दिली, दोन बोटं आत घालून सैल आहे का बघत.